टस्कीगी: कार्व्हर यायच्या आधी

टस्कीगी, म्हणजे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली कृष्णवर्णीयांसाठीची शिक्षणसंस्था, कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज कार्व्हरनी उभी केली असं कुणीतरी लिहिलंय. आपल्याकडे हा समज सर्रास आहे, पण कार्व्हर तिथे आले १८९६ मध्ये. संस्था सुरू झाली ४ जुलै १८८१ ला. अलाबामा राज्याने वर्षाला २००० डॉलर मंजूर केले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारापुरते. जागा नाही, इमारत नाही. संस्थेचे पहिले प्रमुख, पंचविशीतले बुकर टी. वॉशिंग्टन, चर्चजवळच्या गळक्या खोपटात तीस विद्यार्थ्यांना शिकवायला लागले. पाऊस आला की एखादा विद्यार्थी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहायचा!

मला खरा भावतो तो विटांचा किस्सा. १०० एकरांचा ओसाड मळा ५०० डॉलरला घेतला, सुरुवातीचे पैसे उसने. इमारतींसाठी विटा विद्यार्थ्यांनीच पाडायच्या ठरल्या. लागोपाठ तीन भट्ट्या फसल्या. चौथीला पैसेच उरले नव्हते, तेव्हा वॉशिंग्टननी घड्याळ गहाण टाकून १५ डॉलर आणले. भट्टी साधली, घड्याळ मात्र कायमचं गेलं. पुढे याच विटा गावातले गोरे लोकही विकत घ्यायला लागले.

शिक्षणात हातकामावर दिलेल्या या भरावर कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांनी सडकून टीका केली, आणि ती मला बरीचशी पटते. तरी १९१५ मध्ये वॉशिंग्टन गेले तेव्हा तिथे शंभरावर इमारती आणि सुमारे दीड हजार विद्यार्थी होते.