बसून स्की करायची खुर्ची: पाइप किती जाडीचा? (मदत हवी, लवकर)

मांडवीचा_मंद्या: जानेवारीत दादाला घेऊन गुलमर्ग. तिकिटं झालीत. मकरपुरा जीआयडीसीतल्या वेल्डरकडून बाय-स्की बनवून घेतोय, म्हणजे खाली दोन स्की, वर बकेट सीट. पाइप किती जाडीचा घ्यायचा तेवढंच सांगा. "जाऊ नका" हे आई रोज सांगते, इथे नको.

रावपुरा_७७: दादाला काय झालंय? पाइपचं नंतर बघू.

सुरसागरकाठचा: बाइकचा मागचा शॉक लाव. मी शेतातल्या गाडीला लावला होता, मस्त चालतो.

रावपुरा_७७: शेतातली गाडी डोंगरावरून खाली सोडत नाहीत हो.

इंदूरची_माई: माझ्या भाचीला दिसत नाही, तरी ती स्की करते. पुढे गाइड, दोघींच्या हेल्मेटमध्ये ब्लूटूथ, "डावं... डावं... थांब" असं चालू असतं. जरूर करून बघा.

मांडवीचा_मंद्या: माई, दादाला दिसतं. अपघात झाला, टी-४, म्हणजे छातीमागच्या चौथ्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा. हात दणकट आहेत. आता सांगा पाइप.

फिजिओवाली: हे पहिल्या ओळीत हवं होतं. टी-४ म्हणजे छातीखाली तोल नाही, त्यामुळे पाठ उंच हवी आणि सीट बुटासारखी घट्ट. सैल सीटमध्ये तो डावीकडे झुकेल आणि स्की सरळच जाईल. शिवाय टी-६ च्या वरच्या इजेत पट्टा रुतला किंवा लघवीची नळी मुडपली तरी बीपी एकदम चढू शकतं. डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला की आधी सरळ बसवा, मग पट्टा आणि नळी बघा. पाय गारठले तरी त्याला कळणार नाही.

सुरसागरकाठचा: बर्फात कसलं बीपी? आम्ही मनालीला चड्डीवर फिरलो.

रावपुरा_७७: मंद्या, दोन्ही स्की फ्रेमला थेट वेल्ड केल्यात का? त्या सांध्यावर एकत्र कलल्या पाहिजेत, नाहीतर वळणार कशा? हातात आउटरिगर हवेत, म्हणजे कुबडीच, टोकाला छोटी स्की. आणि मागून दोर धरायला शिकलेला माणूस.

मांडवीचा_मंद्या: वेल्ड केल्यात. दोर मी धरीन.

रावपुरा_७७: तू कधी स्की केलीय?

मांडवीचा_मंद्या: नाही.

सुरसागरकाठचा: परतताना गोंडोलाच्या दारात फोटो काढ. आणि ती शेव-उसळ, रात्री कुठे मिळते सध्या?

मांडवीचा_मंद्या: काल घरी दादाला पाऊण तास सीटमध्ये बसवलं. उजव्या खुब्याला रुपयाएवढं लाल झालं, अर्ध्या तासानेही गेलं नाही. वेल्डर म्हणतो फोम जाड करू.

फिजिओवाली: फोमचं राहू दे. तो डाग पूर्ण जाईपर्यंत त्या सीटमध्ये बसवू नकोस, दाब द्यायचाच नाही. आणि कड कुठे टोचते ते हात घालून बघ. कंबरेचं माप कसं घेतलं होतं, उभा धरून की बसवून?

मांडवीचा_मंद्या: जीन्सवरून.