चुकीच्या निदानाचा दावा: वकिलाकडे जाण्याआधी काय जमवावं?

सायली_प
स्तनातल्या गाठीची बायोप्सी 'साधी गाठ' म्हणून आली आणि 11 महिन्यांनी तिथेच कर्करोग निघाला. अशा वेळी भरपाईच्या दाव्याची तयारी कशी करावी? हातात फक्त डिस्चार्ज समरी आणि दोन रिपोर्ट आहेत.

दप्तरदार
समरीवर दावा उभा राहत नाही. लेखी अर्ज देऊन अख्खा केसपेपर मागा: ओपीडीच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, संमतीपत्रं, रेफरलच्या चिठ्ठ्या. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मॅमोग्राफी-सोनोग्राफीचे नुसते रिपोर्ट नकोत, मूळ प्रतिमा डायकॉम फाइलमध्ये (तपासणीच्या यंत्रातून निघणारी मूळ डिजिटल फाइल) हव्यात. फिल्मच्या मोबाइल फोटोवर कुठलाही रेडिऑलॉजिस्ट ठाम मत देणार नाही. नोंदी संगणकावर असतील तर कोणी, कधी बदल केला त्याचा लॉगही मागा. तो आपणहून कुणी देत नाही.

सूक्ष्मदर्शी
या प्रकरणाचा जीव पॅराफिन ब्लॉकमध्ये आहे. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवलेला असतो आणि त्याचे 3 ते 5 मायक्रॉनचे काप काढून स्लाइड बनवतात. लॅब हे सगळं कायमचं ठेवत नाही, म्हणून ब्लॉक आणि जुन्या स्लाइड जपून ठेवण्याची लेखी विनंती आजच करा.

मग शोधायचं ते हे, की चूक नेमकी कुठे झाली. स्लाइडवर कर्करोगाच्या पेशी असून दिसल्या नाहीत, तर प्रश्न पॅथॉलॉजिस्टचा. सुई गाठीत नीट गेलीच नसेल तर स्लाइड खरोखरच स्वच्छ असेल. तेव्हा विचारायचं ते उपचार करणाऱ्यांना: सोनोग्राफीत गाठ संशयास्पद दिसत असताना रिपोर्ट तिच्याशी जुळत नाही हे लक्षात का आलं नाही, बायोप्सी पुन्हा का केली नाही? नमुन्यांची अदलाबदल झाल्याचा संशय असेल तर ब्लॉकवरून डीएनए जुळवता येतो.

आणि स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवताना पुढे काय निघालं ते सांगू नका. निकाल माहीत असला की नजर तेच शोधते, आणि समोरचा वकील बोट ठेवतो ते तिथेच.

सायली_प
चूक सापडली तर दावा पक्का ना?

विधिज्ञ_कट्टा
नाही. बहुतेक दावे पुढच्याच पायरीवर अडतात: हानी त्या चुकीमुळेच झाली का? ब्रिटनमधला 'ग्रेग विरुद्ध स्कॉट' खटला बघा. डॉक्टरांनी काखेतली गाठ साधी समजली, उपचार 9 महिने लांबले आणि बरं होण्याची शक्यता 42 टक्क्यांवरून 25 वर आली. तरी 2005 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) 3 विरुद्ध 2 मतांनी दावा फेटाळला. मूळ शक्यताच निम्म्याहून कमी होती, म्हणून वेळेत उपचार होऊनही तो रुग्ण बरा झाला असता हे सिद्ध होत नव्हतं. मला हा निकाल रुग्णावर अन्याय करणारा वाटतो, पण तयारी तो गृहीत धरूनच करावी.

म्हणून स्वतंत्र कर्करोगतज्ज्ञांकडून लेखी घ्या: तेव्हा टप्पा कोणता असता, किती शस्त्रक्रिया पुरली असती, केमो टळली असती का. टळू शकणारी केमो हीसुद्धा हानीच. सध्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना यात ओढू नका.

दाव्याची मुदत सगळ्यात आधी तपासा. काही ठिकाणी ती उपचाराच्या तारखेपासून मोजतात, काही ठिकाणी चूक कळल्यापासून. आणि रुग्णालयाने बिलात सवलत देऊन 'आता काही तक्रार नाही' असा कागद पुढे केला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका.