उलटा लंबक सिम्युलेशनमध्ये उभा राहतो, सेटअपवर थरथरतो. मदत हवी आहे

खटपट्या: रुळावरची गाडी मोटरनं पुढेमागे करून तिच्यावरचा उलटा लंबक उभा ठेवायचाय. त्याला एलक्यूआर (चूक आणि मोटरचा जोर यांचा मेळ घालणारा कंट्रोलर) लावलाय. सिम्युलेशनमध्ये २ सेकंदांत ताठ उभा. सेटअपवर मोटर सारखी कर्रकर्र करते, गाडी हिसके खाते. क्यू आणि आर (चुकीला आणि मोटरच्या जोराला किती महत्त्व द्यायचं ते आकडे) बदलून बदलून थकलो. गुरुवारी गाइडना दाखवायचंय. लवकर सांगा.

रश्मी_क: सेन्सर कोणता? सॅम्पलिंग किती, म्हणजे सेन्सर किती वेळानं वाचता? कोनाचा वेग कसा काढताय? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुना_फिटर: एलक्यूआर सोडा, पीआयडी (चूक, तिची साठत गेलेली बेरीज आणि तिचा बदलाचा वेग बघून दुरुस्ती करणारा कंट्रोलर) लावा. त्याचे आकडे ठरवायची झिग्लर-निकोल्स पद्धत १९४२ पासून चालतेय. आमची सगळी यंत्रं त्यावरच.

रश्मी_क: अहो, ती यंत्रं मुळात स्थिर असतात. लंबक सोडला की पडतो. नुसत्या कोनावर पीआयडी लावलात तर लंबक उभा राहीलही, पण गाडी सरकत सरकत रुळाच्या टोकाला आदळेल.

जुना_फिटर: मग दोन लूप लावायचे, एक कोनाला, एक गाडीच्या जागेला. आम्ही केलंय.

निळा_पतंग: मेकॅनिकलवाल्यांनी कंट्रोलमध्ये पीएचडीआधी कोणतं गणित पक्कं करावं?

वाचनवेडा: रेषीय बीजगणित. मॅक्सवेलचा गव्हर्नरवरचा (यंत्राचा वेग कायम राखणारं साधन) १८६८ चा निबंधही वाचा. वेग हेलकावे का खातो, हाच तिथला प्रश्न.

खटपट्या: पीएचडीसाठी वेगळा धागा काढा ना, प्लीज. एन्कोडर (कोन मोजणारा सेन्सर) फेरीला ६०० पल्सचा, चौपट करून २४०० काउंट. कंट्रोलर दर १ मिलिसेकंदाला चालतो. वेग म्हणजे कोनातला फरक भागिले वेळ. सगळे असंच करतात, म्हणून लिहिलं नव्हतं.

रश्मी_क: गोम तिथंच आहे. ३६० भागिले २४००, म्हणजे एक काउंट ०.१५ अंशाचा. काउंट एकानं सरकला की कंट्रोलरला वाटतं लंबक सेकंदाला १५० अंशांनी फिरतोय. पुढच्या मिलिसेकंदाला शून्य. मोटर कर्रकर्र करणारच! वेगाला लो-पास फिल्टर (झटकन होणारे बदल गाळणारा) लावा. फार संथ नको, उशीर वाढला की लंबक डोलायला लागेल.

खटपट्या: लावला. कर्रकर्र गेली!! पण गाडी अजून दोन बोटं डावीकडे, दोन बोटं उजवीकडे, संथपणे जातेच आहे.

जुना_फिटर: ते घर्षण. लंबक काढून ठेवा. व्होल्टेज हळूहळू वाढवत न्या आणि गाडी कितीला हलते ते दोन्ही दिशांना लिहून घ्या. तेवढं दिशेप्रमाणे आउटपुटमध्ये मिळवा, पण थोडं हात राखून, नाहीतर पुन्हा थरथर.

रश्मी_क: हे पटलं.

खटपट्या: उजवीकडे १.१ व्होल्ट, डावीकडे १.६. एवढा फरक? रूळ पुसून, बेल्टचा ताण बघून परत मोजतो.