कॉफी शॉपमध्ये ग्लुटेन नसलेला चहा मागायचा तर काउंटरवर नेमकं काय विचारायचं?

लेकीची_आई_माटुंगा

नमस्कार मंडळी. माझ्या लेकीला मार्चमध्ये सीलिॲक निघालं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रोटीनने आतड्याला इजा होते तो आजार. आधी रक्तात टीटीजी (या आजारात वाढणारी अँटीबॉडी) वाढलेलं आलं, मग एंडोस्कोपी करून बायॉप्सी. वय १९. घरातलं आता बसलंय सगळं, पोळपाट-लाटणं वेगळं, तवा वेगळा, ज्वारी-तांदळाच्या भाकऱ्या, हिंगसुद्धा बदलला कारण डबीतल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं हे डाएटिशियनने सांगेपर्यंत आम्हाला माहीतच नव्हतं.

प्रश्न बाहेरचा आहे. कॉलेज सुटलं की त्यांचा ग्रुप स्टेशनजवळच्या एका कॉफी शॉपमध्ये बसतो. ती खायला काही घेत नाही, फक्त चहा, आणि चहात कुठलं आलंय ग्लुटेन असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. गेल्या गुरुवारी तिने तिथे चाय लाटे घेतला, रात्री घरी आली ती सरळ बाथरूममध्ये, पोट डब्ब फुगलेलं, दोन दिवस अंथरुणात. आता म्हणते मी जातच नाही. चारला घरी येऊन खोलीत एकटी बसते ते मला बघवत नाही हो. मैत्रिणींसमोर काउंटरवर दहा प्रश्न विचारायचे म्हणजे तिला लाज वाटते. बाहेर चहा पिता येईल का तिला? काय विचारायचं, कुठल्या शब्दांत?

भाकरीवाला_अंधेरी

ताई, मला हा आजार ११ वर्षं आहे, ऑफिसच्या मीटिंगा निम्म्या कॉफी शॉपमध्येच होतात, तेव्हा अनुभवातून सांगतो. चहाच्या पानात ग्लुटेन नसतं. साधी चहा पावडर, ग्रीन टी, साखर, साधं दूध, आलं, वेलची सगळं चालतं. घोळ होतो तो चहाच्या आजूबाजूच्या वस्तूंनी.

चाय लाटे म्हणजे घरच्यासारखा पातेल्यात उकळलेला चहा असेलच असं नाही, पुष्कळ ठिकाणी तयार पावडर नाहीतर सिरप असतं, त्यात माल्ट आहे का ते पाकीट बघितल्याशिवाय कळत नाही. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जवाचं, म्हणून बोर्नव्हिटा, हॉर्लिक्स आपल्याला बंद. फ्लेवरवाल्या आणि हर्बल टी बॅगमध्येही कधीकधी भाजलेले जव किंवा माल्ट असतं. आणि पाकिटावर 'गहू नाही' लिहिलेलं असलं म्हणून ग्लुटेन नाही असं होत नाही, जव राहतातच.

मी काउंटरवर 'ग्लुटेन फ्री' या शब्दाने सुरुवात करतच नाही, समोरच्याला बऱ्याचदा ते 'शुगर फ्री'च ऐकू येतं. मी म्हणतो, "मला गहू, मैदा, रवा, जव, ओट्स, माल्ट काहीच चालत नाही, डाएट नाही, आजार आहे. एक ब्लॅक टी द्या, टी बॅग बंद पाकिटातली, पाकीट मला न फोडता द्या, कप साबणाने धुतलेला आणि नुसतं गरम पाणी. जमत नसेल तर सरळ नाही म्हणा, मला अजिबात राग येणार नाही." हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे बरं का. नाही म्हणायची मोकळीक दिली नाही तर मुलं गिऱ्हाईक जाईल म्हणून हो-हो म्हणतात.

आणि हे सगळं पैसे द्यायच्या आधी. एकदा फोर्टला एका कॅफेत सगळं नीट सांगितलं, चहा आला तर बशीत कपाला टेकवून फुकटचं बिस्किट ठेवलेलं, कपाच्या कडेला चुरा चिकटलेला. परत पाठवला तर पोऱ्याने बिस्किट उचललं, बशी फडक्याने पुसली आणि तोच कप परत आणला. तेव्हापासून 'बशीत बिस्किट नको' हेही आधीच सांगतो.

माजी_बरिस्ता_ठाणे

काकू, मी तीन वर्षं कॉफी शॉपच्या मशीनमागे उभा राहिलोय, आतली गोष्ट सांगतो. दूध तापवायचा वाफेचा पाइप असतो ना, तो सगळ्यांना एकच. आधीच्या गिऱ्हाइकाचं ओट मिल्क तापवलं की पाइपच्या टोकाला पांढरी साय वाळून बसते, ती एका ओल्या फडक्याने पुसायची, पुढच्या ऑर्डरला परत तेच फडकं. स्टीलचा जग नुसता पाण्याखाली फिरवायचा. गर्दीत साबण कोण लावतंय, संध्याकाळी साडेपाचला रांग दारापर्यंत असते. आणि ओट मिल्कचे ओट्स साधे असले तर त्यात शेतात नाहीतर गिरणीत गहू-जव मिसळलेले असतात, म्हणजे तो पाइप तुमच्या मुलीसाठी गेलाच. मशीनवर तापवलेलं दूध घालून काहीच घेऊ नका, लाटे तर नाहीच.

ब्लेंडरही तसाच, त्यात कुकीवाले शेक होतात, तेव्हा आइस टी ब्लेंडरमध्ये करत असतील तर तोही नको. चिमटा बघा, क्रोसाँ उचलायचा तोच टी बॅग उचलायला वापरतात. काही जण म्हणतात उकळलं की सगळं मरतं. ग्लुटेन म्हणजे जंतू नाही, प्रोटीन आहे, उकळून किंवा सॅनिटायझर मारून जात नाही, साबण-पाण्याने घासूनच जातं.

तुमच्या मुलीला सांगा पहिल्यांदा गर्दी नसेल तेव्हा जा, सकाळी अकराच्या आसपास, शिफ्टवरच्या मोठ्या माणसाशी बोला. मला कुणी शांतपणे विचारलं तर मी स्वतः पाकिटं काढून दाखवायचो. लाजायचं काही नाही त्यात, आम्हाला उलट बरं वाटायचं की चूक होण्याआधी कळलं.

घाटकोपरकर_७२

मला वाटतं थोडं जास्तच होतंय हे. माझ्या मामेभावाला आहे, तो टपरीवर कटिंग घेतो, कधी खारीपण बुडवतो, त्याला काही होत नाही. एवढं घाबरवू नका पोरीला.

भाकरीवाला_अंधेरी

काका, राग मानू नका, पण पोटात दुखलं नाही म्हणजे आतड्याला इजा झाली नाही असं या आजारात नसतं. काहींना लक्षणं येतच नाहीत आणि आतलं अस्तर खराब होत राहतं. आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, ग्लुटेन फ्रीची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम ठेवलीय, म्हणजे बघा किती कमी. खारीचा एक तुकडा त्यापुढे डोंगर आहे. मामेभावाला टीटीजी परत करून घ्यायला सांगा, मनापासून सांगतोय.

टपरीचं म्हणाल तर साधा उकळलेला कटिंग बऱ्याचदा लाटेपेक्षा सुरक्षित पडतो, पण गाळणं, चमचा आणि पातेलं बोर्नव्हिटाला तेच वापरतात का ते उभं राहून बघायचं. आणि हल्ली बिस्किटाच्या कपात चहा मिळतो, तो तर विचारायचाही नाही.

विरारहून_रोज

ताई, अजून एक. नुकतंच निदान झालेलं असेल तर आतड्याचं अस्तर भरून येईपर्यंत काही जणांना दुधातली साखरही पचत नाही. मला पहिले सात-आठ महिने दुधाचा चहा घेतला की अगदी असंच फुगायचं, मी रोज कॅफेवाल्यांना दोष देत होते. डॉक्टरांनी दूध थांबवलं आणि फरक पडला, आता परत घेते. तेव्हा गुरुवारी नेमकं कशामुळे झालं ते डॉक्टरांना विचारून घ्या, आणि तोवर बाहेर काळा चहाच बरा, दोन्ही शंका मिटतात.

शिवाय साखळीतलं दुकान असेल, म्हणजे दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा, तर २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनुसार त्यांनी अ‍ॅलर्जीच्या घटकांची माहिती द्यायची असते. हक्काने मागा.

लेकीची_आई_माटुंगा

सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टरांना फोन केला, दूध सध्या बंद करून बघू म्हणाले. काल अकराला मी आणि लेक दोघी गेलो त्याच दुकानात, रिकामंच होतं. तिथल्या मुलाने चाय लाटेच्या पावडरची पिशवी आतून आणून दिली, तिने स्वतः वाचली, घटकांत चौथ्या नंबरवर माल्ट एक्स्ट्रॅक्ट. तिचा चेहराच बदलला, इतके दिवस तिला वाटत होतं आपलंच काहीतरी चुकतंय.

भाकरीवाले दादांची वाक्यं तिने मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलीत, ती फक्त स्क्रीन पुढे करणार, मैत्रिणींसमोर बोलायला नको. काळा चहा घेतला, पाकीट तिनेच फोडलं. लिंबू हवं होतं पण ते सँडविचच्या पाटावर त्याच सुरीने कापत होते, ते तिनेच बघितलं आणि नको म्हणाली. आज काही त्रास नाही. संध्याकाळी ग्रुपबरोबर जाणार आहे. तो मुलगा शनिवार-रविवार नसतो म्हणे, त्या दिवशी आपली बाटली घेऊन बसेन म्हणाली.