न्यूजट्रॅकच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट: साल कसं ओळखायचं, कॉपी कशी करायची?

खानापूर_वाचक:
तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाला बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीचा माल देणगीत आलाय. त्यात न्यूजट्रॅक या बातम्यांच्या व्हिडिओ मासिकाच्या 9 कॅसेट आहेत. तिघींची लेबलं गेलीत, दोघींच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. साल कसं ठरवायचं? पावसाळ्याआधी संगणकावर उतरवायच्या तर काय काय लागेल? आणि पोरं विचारतात, बातम्या कॅसेटवर कशाला होत्या?

बेळगाव_जुनंटीव्ही:
तेव्हा चॅनेल एकच, दूरदर्शन, तेही सरकारी. 1885 च्या तार कायद्याने प्रक्षेपण सरकारच्या हातात. कॅसेटला प्रक्षेपण लागतच नाही, ती भाड्याने घरोघर फिरते. ही फट इंडिया टुडेने हेरली आणि 1988 मध्ये मधू त्रेहान यांचं न्यूजट्रॅक हे मासिक कॅसेटवर निघालं. त्याच वर्षी दूरदर्शनवर प्रणय रॉय यांचं 'द वर्ल्ड धिस वीक' आलं. पण नावातच बघा, बातम्या जगाच्या. घरच्या भानगडींचं काय? साचा अमेरिकेतला जुनाच: 24 सप्टेंबर 1968 ला सीबीएस वाहिनीवर सुरू झालेल्या '60 मिनिट्स'सारखा, एका भागात मोजके विषय आणि प्रत्येकाचा सविस्तर वृत्तांत.

मात्र कॅसेटला सिनेमाचा कायदा लागू, म्हणजे सेन्सॉर बोर्ड आलंच. पेपरात बिनदिक्कत छापलं जायचं तेच दाखवायला परवानगी लागे. तुमच्यासाठी ही इष्टापत्ती. कॅसेटच्या सुरुवातीला दिसणारं सेन्सॉरचं प्रमाणपत्र पुढे पळवू नका, त्यावर तारीख असते. ती मंजुरीची, चित्रीकरणाची नव्हे. कॉपीवरून केलेल्या कॉपीत तो तुकडा उडालेला असेल तर मजकूर बघा: मंडलविरोधी आत्मदहनं म्हणजे 1990 चे सप्टेंबर-ऑक्टोबर, आखाती युद्ध 1991 ची सुरुवात, बाबरी मशीद पाडल्याची दृश्यं 6 डिसेंबर 1992 नंतरची. पुढे केबल आली, महिन्याने येणारी बातमी शिळी झाली. 17 जुलै 1995 ला त्याच घराण्याचं 'आज तक' डीडी मेट्रो या दूरदर्शनच्या दुसऱ्या वाहिनीवर 20 मिनिटांचं सुरू झालं.

निपाणी_दुरुस्ती:
आधी त्या दोन बुरशीवाल्या बाजूला काढा. व्हीसीआरमध्ये चुकूनही घालू नका, भुकटी आतल्या फिरत्या ड्रमला लागते आणि पुढच्या सातही कॅसेटींना चिकटते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवा. बुरशी सुकली की तोंडाला मास्क बांधून, उघड्यावर, मऊ ब्रशने झाडा. ओली असताना पुसली तर ती टेपवर पसरते. खोकं खराब असेल तर खालचे 5 स्क्रू काढून दोन्ही रिळं चांगल्या खोक्यात बसवा. उघडण्याआधी टेप कोणत्या खिळ्यांवरून जाते त्याचा फोटो काढा, नाहीतर परत ओवताना डोकं फिरतं.

बाकीच्या कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. कुठे अडखळली तर लगेच थांबा, जबरदस्ती केली की टेप तुटते. चित्रात बर्फ पडला तर ट्रॅकिंग फिरवा. न गेल्यास हेड, म्हणजे ड्रमवरचा टेप वाचणारा भाग, घाण आहे. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये शॅमॉय (मऊ, तंतू न सुटणारं) कातडं भिजवून ड्रमला आडवं टेकवायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. उभं घासलं की हेड मोडलं. कापसाची काडी नको, तंतू अडकतात.

खानापूर_वाचक:
कॅप्चर कोणत्या सेटिंगला? आणि आवाज चित्राच्या मागे पडतो ते का?

निपाणी_दुरुस्ती:
पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), 720×576, सेकंदाला 25 फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं चित्र) तसंच ठेवा. एफएफव्ही1 या दर्जा न घटवणाऱ्या फॉरमॅटमध्ये तासाला ढोबळ 30 जीबी धरा. आवाज मागे पडतो कारण जुन्या टेपचा सिंक (चित्राची वेळ जुळवणारा संकेत) डळमळतो, स्वस्त यूएसबी कार्ड फ्रेम गाळतं आणि आवाज मात्र अखंड घेतं. मध्ये डीव्हीडी रेकॉर्डर जोडून त्यातून सिग्नल काढा, बऱ्याच मशिनांत सिंक सावरतो. चित्राच्या खालच्या कडेची थरथरती पट्टी दोष नाही, उतरवलेल्या पहिल्या फाइलमध्ये कापू नका. आणि हो, कॅसेटच्या पाठीवरचा रेकॉर्डिंगचा टॅब आधी मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही.

बेळगाव_जुनंटीव्ही:
हक्काचंही बघा. कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला आपल्याकडच्या मूळ प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. सभागृहात दाखवायचं किंवा यूट्यूबवर टाकायचं असेल तर परवानगी लागेल, संरक्षण 60 वर्षं आहे.