सामूहिक कलेच्या साहित्याचा हिशेब काम सुरू होण्यापूर्वी मांडावा का?

धागाकर्ता :
अनेक हातांनी मिळून भिंत रंगवावी, यातून माणसांना जे मिळते त्याचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. तरीही ज्या कामाचे पुढे काय होणार हे ठरलेले नाही, ते गटाने हाती घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. ॲक्रिलिक रंग पाण्यात मिसळतो म्हणून तो निरुपद्रवी, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्यातील रंगकणांना धरून ठेवणारा घटक प्लास्टिकच असतो आणि ब्रश नळाखाली धुतले की त्याचे सूक्ष्म कण थेट सांडपाण्यात जातात. सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ मध्ये बंदी आणली, ती याच चिंतेपोटी.

‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली जे चालते, त्याचा मला अधिक त्रास होतो. स्वच्छ बाटली पुनर्प्रक्रियेला जाऊ शकते; तिच्यावर गोंद, रंग आणि कापडाचे तुकडे चिकटवले की तोही मार्ग बंद होतो. आपण कचरा कमी करत नाही, केवळ त्याची तारीख पुढे ढकलतो. त्यापेक्षा चुना, कच्ची माती, खनिज रंग यांवर भागवावे.

प्रतिसाद १ :
मी याच्याशी सहमत नाही. ‘नैसर्गिक’ हे मोजमाप नव्हे. चुन्यासाठी चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजावी लागते आणि त्या वेळी इंधनाच्या धुराखेरीज खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भिंतीवरचा चुना वाळताना त्यातील काही वायू परत शोषून घेतो हे खरे, परंतु उघड्यावरच्या भिंतीला चुन्याचा हात दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. एकदाच नीट रंगवलेली आणि वर्षानुवर्षे टिकणारी भिंत त्याहून वाईटच ठरेल, हे कशावरून?

माझा मूळ आक्षेप मात्र वेगळा आहे. जर्मन कलावंत योझेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये जर्मनीतील कासल शहरात ७००० झाडे लावण्याचे काम आरंभले आणि प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्टचा एक दगडी खांब उभा करायचे ठरवले. तुमच्या हिशेबाने पाहिले तर इतके दगड खाणीतून काढून शहरात आणण्याची परवानगी कोणी दिली असती? पहिल्यांदाच ब्रश हाती घेणाऱ्या माणसापुढे आपण आधी निषिद्ध गोष्टींची यादी ठेवली, तर तो पुन्हा फिरकणार नाही. जे आपल्या हातांनी कधी काही घडवत नाहीत, त्यांना वस्तू जपण्याची ओढ तरी कुठून लागावी?

प्रतिसाद २ :
साहित्य कोणते, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने लिहिले आहे. काम संपल्यावर मागे कोण थांबते, याचा उल्लेख कोणीच केलेला नाही. रंगवायला सगळे असतात, धुवायला मात्र तीच ठरावीक माणसे उरतात, आणि थकलेला माणूस सगळे मोरीत ओतून मोकळा होतो. अमेरिकी कलावंत मिअर्ल लॅडरमन युकेलीस यांनी १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कमधील सुमारे ८५०० सफाई कामगारांची भेट घेऊन, त्यांच्याशी हस्तांदोलन करून त्यांचे आभार मानले आणि त्यालाच आपली कलाकृती म्हटले. सफाई हा कलेचाच भाग मानणारी ही दृष्टी आपण उचलली पाहिजे. ब्रशवरचा रंग आधी चिंधीने पुसावा, मग तो बादलीत खळबळावा, त्या पाण्यात तुरटी घालून गाळ खाली बसू द्यावा आणि पाणी कापडातून गाळून घ्यावे. कापडावर राहिलेला गाळ वाळला की सुक्या कचऱ्यात जातो. एवढे सर्वांनी मिळून केले, तर रंग ॲक्रिलिक असला तरी त्याचा उपद्रव पुष्कळ घटतो.

धागाकर्ता :
सफाईचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. चुन्याची बाजू मी जरा एकांगी मांडली, हेही खरे. बॉइस यांचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूने बोलते. ते ७००० खांब कासलमधील कलाप्रदर्शनाच्या इमारतीसमोर ढीग करून ठेवले होते आणि एक झाड लागले की त्यातील एक खांब हलत असे. म्हणजे ढीग कसा संपणार हे पहिल्याच दिवशी ठरलेले होते. बॉइस १९८६ मध्ये वारले, तरी शेवटचे झाड १९८७ मध्ये लागले. मी मागतो आहे ती एवढीच तरतूद.

प्रतिसाद १ :
ढिगाचा शेवट ठरलेला होता, झाडांचा नव्हता. त्यांना पाणी घालणे, छाटणी करणे, मेलेल्या झाडाच्या जागी दुसरे लावणे हे पुढच्या लोकांवर सोपवूनच ते काम सुरू झाले. तेव्हा अट घालायचीच असेल, तर ‘हे कसे संपेल’ याऐवजी ‘हे कोण सांभाळेल’ अशी घाला. तिला माझा विरोध राहणार नाही. साहित्याच्या यादीला मात्र माझा विरोध कायम आहे.