पंक व्हिडिओचं विश्लेषण करायचंय, पण मी निवडलेला व्हिडिओ लईच चकाचक आहे

हरभटरोडवाला:
नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहायलोय. मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. असाइनमेंट अशी की एक पंक (म्हणजे वेगवान, रागीट, मुद्दाम ओबडधोबड रॉक) म्युझिक व्हिडिओ घ्या आणि त्याची दृश्यशैली, त्या प्रकारातले ठरलेले संकेत यावर लिहा. मी ग्रीन डे ह्या अमेरिकन बँडचं बास्केट केस घेतलं, १९९४ चं, कारण पंकमधलं तेवढं एकच गाणं मला तोंडपाठ. आता नेटवर कुठंही बघा यादी तीच, हलणारा कॅमेरा, दाणेदार चित्र, खिशात पैसे नसल्यासारखी जागा, भिंतीवर स्प्रे, फाटके कपडे, सेफ्टी पिना. आणि ह्यात काय, तर हॉस्पिटल, नीट लावलेले लाइट आणि डोळ्यात घुसतील असले रंग. सरांना विचारलं तर म्हणाले तूच शोध. यादीतलं निम्मं जुळंना, मग व्हिडिओ बदलू का ओढूनताणून जुळवू? शिवाय मिरजेतल्या मित्रांचा बँड आहे, मराठीत पंक करतात (शेजारी त्याला वेगळंच नाव देतात), त्यांचा व्हिडिओ पण मलाच शूट करायचाय, त्यामुळं हे नुसतं मार्कांपुरतं नाही.

कट_टू_कट:
बदलू नको रे. मी एडिटिंग करते, मिरजेतच, बहुतेक लग्नांचंच काम असतं, पण व्हिडिओ बघायची रीत सारखीच. आधी म्यूट करून बघ. मग आवाज लावून प्रत्येक कटला मार्कर टाक. ह्या गाण्यात सुरुवातीला नुसती गिटार आणि आवाज आहे, ड्रम बऱ्याच वेळानं येतात, तर ड्रम आल्यावर कट किती दाट होतात ते मोज, तो आकडा असाइनमेंटमध्ये टाकलास की सर गप्प. ठेका मिनिटाला १७० च्या आसपास धर, म्हणजे चार ठोके दीड सेकंदाच्या आत संपतात, लग्नाच्या व्हिडिओत तेवढ्या वेळात नवरी पापणी पण लववत नाही 😄 आणि गायकाचे डोळे बघ. मोठ्ठे करून सरळ लेन्समध्ये बघतो, आपल्याला जाब विचारल्यासारखा. गिटार पण बघ, निळी, स्टिकरांनी भरलेली. तुझ्या यादीतला फाटका शर्ट शोधत बसण्यापेक्षा ह्या दोन गोष्टींवर पानभर लिही.

रंगांचं म्हणशील तर तो व्हिडिओ मुळात ब्लॅक अँड व्हाइट शूट केलाय, रंग नंतर चढवलेत. जुन्या फोटो स्टुडिओत आजोबांच्या फोटोला ब्रशनं गुलाबी गाल काढायचे ना, तसं. म्हणून ते रंग जिवंत वाटत नाहीत. गाणं घाबरट मनाबद्दल आहे, आपण वेडे तर होत नाही ना ह्याबद्दल, आणि शूटिंग पण खरोखरच्या जुन्या मनोरुग्णालयात केलंय, कॅलिफोर्नियात. मग हा चकचकीतपणा कुणाच्या कामाला आलाय ते लिही.

जुना_टेपरेकॉर्डर:
वरचं बरोबर आहे, पण ती यादी कुठनं आली हे कळल्याशिवाय उपयोग नाही. १९७६-७७ च्या लंडनमध्ये पोरांकडं जे होतं त्यातनं ती शैली निघाली, शैली आधी ठरवून कुणी पंक केला नाही. मार्क पेरीनं १९७६ ला स्निफिन ग्लू नावाचं पंकचं घरगुती मासिक काढलं ते झेरॉक्सवर, म्हणून काळं-पांढरं आणि वेडंवाकडं. चित्रकार जेमी रीडनं सेक्स पिस्टल्स ह्या पंक बँडच्या रेकॉर्डच्या कव्हरला पेपरातली अक्षरं कापून चिकटवली, १९७७ ला राणीच्या डोळ्यांवर आणि तोंडावर तशी पट्टी मारली, त्यात राग पण होता आणि कात्री-डिंकात भागत पण होतं. डॉन लेट्स लंडनच्या रॉक्सी ह्या पंक क्लबात रेकॉर्ड लावायचा, त्यानं तिथले बँड सुपर एट ह्या छोट्या, घरगुती फिल्म कॅमेऱ्यावर टिपले. त्या कॅमेऱ्याची एक फिल्म सेकंदाला २४ फ्रेमनं चालवली तर अडीच मिनिटात संपते, क्लबात उजेड कमी, म्हणून दाणे, आणि पुढच्या धक्काबुक्कीत उभं राहून काढलेलं म्हणून हलतंय. म्हणजे तुझ्या यादीतली पहिली तीन कलमं एका अंधाऱ्या क्लबात आणि एका स्वस्त कॅमेऱ्यात सापडतात. तेव्हा गाण्यांचं चॅनल पण नव्हतं, एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं.

ह्याच लेट्सनं क्लॅश ह्या बँडच्या लंडन कॉलिंग गाण्याचा व्हिडिओ शूट केला, डिसेंबर १९७९, थेम्सच्या धक्क्यावर, रात्री. बँड धक्क्यावर, कॅमेरा नावेत. नदीला भरती-ओहोटी असते हे गड्याच्या डोक्यातच नव्हतं, पाणी खाली गेलं, नाव वाहायला लागली, वर पाऊस. तो पाऊस आता सगळे शैली म्हणून सांगतात!

पुढं टीव्हीवर जायची वेळ आली तसं भांडण सुरू झालं. डेड केनेडीज ह्या पंक बँडनं १९८५ ला एमटीव्हीलाच शिव्या घालणारं गाणं काढलं. ग्रीन डे त्याच चॅनलवर घरोघरी गेले, आणि कट्टर पंकवाले त्यांच्यावर उखडले ते आधीच मोठ्या कंपनीशी करार केला म्हणून. ब्लिंक १८२ हा पंक बँड तर १९९९ च्या अल्बममधल्या एका गाण्याच्या व्हिडिओत बॉयबँडच्या गुळगुळीत व्हिडिओंची सरळ नक्कल मारतात. तेव्हा चकाचक आहे म्हणून पंक नाही असं लिहू नकोस, चकाचक कशासाठी आहे ते विचार. अँड्र्यू गुडविनचं म्युझिक व्हिडिओंवरचं १९९२ चं पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीत मिळालं तर बघ, चित्र शब्दांना नुसतं दाखवतं, वाढवतं का उलटं बोलतं अशी विभागणी आहे, तुझ्या हॉस्पिटलला बरोबर बसते.

विजयनगर_एक्सप्रेस:
मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव राव, तिथं पंक 😂 सतारमेकर गल्लीत गिटारची तार तरी मिळते का

जुना_टेपरेकॉर्डर:
मिळते. आणि आवाज चढला तर ते लोक कानात बोटं घालत नाहीत, तार उतरलीय म्हणून सांगतात.

हरभटरोडवाला:
लई भारी, आता लिहायला बसतो. अजून एकच. आमच्या व्हिडिओला मोबाइलमधला जुन्या फिल्मचा फिल्टर मारू का? दाणे, ओरखडे सगळं येतंय त्यात. आणि आयर्विन पुलावर शूट करावं असं बँडचं म्हणणं आहे.

कट_टू_कट:
फिल्टर नको. लेट्सच्या फिल्मवर दाणे होते कारण उजेड नव्हता, तुझ्या फोनला अंधारात स्वतःचा नॉईज (चित्रातले ठिपके) येतो, तो येऊ दे की. २०१२ ला मॉस्कोच्या कॅथेड्रलमध्ये पुसी रायट ह्या रशियन पंक गटाच्या पोरी रंगीत टोपडी घालून घुसल्या, गार्ड मागं लागलेले, त्यामुळं तिथला हलता कॅमेरा खरा, आणि कमी पडलं ते दुसऱ्या चर्चमधलं आधीचं फुटेज जोडून भागवलं. तुमच्या मागं कोण लागलंय? शेजारीच ना, मग त्यांच्या खिडकीचा शॉट घ्या (चेहरे नको, उगाच भांडण). पुलावर रहदारी आहे, परवानगीचा घोळ आहे, आणि आयर्विन प्रत्येक प्री-वेडिंगमध्ये असतो, मीच कापून कंटाळलेय. प्रॅक्टिसची पत्र्याची खोली आहे ती घ्या. तिथं ट्यूबलाइट असणार, आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेव, नाहीतर चित्रात आडव्या पट्ट्या सरकतात. ऑटोवर ठेवलंस आणि आल्याच पट्ट्या, तर मला दाखवल्याशिवाय काढू नकोस, ड्रमवर कट केल्या तर चालतील कदाचित.